मोठा पिकअप की मधला? अमेरिकेतल्या ट्रकांविषयीचे गैरसमज

पुण्याच्या मार्केट यार्डातून भाजीची क्रेटं भरून निघणारा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, जेमतेम ३.८ मीटर लांब आणि कागदोपत्री ७५० किलो माल उचलणारा. (प्रत्यक्षात किती उचलतो ते मार्केट यार्डालाच ठाऊक.) डॅलसच्या उपनगरात ड्राइव्हवेवर उभा असलेला चार दरवाजांचा फोर्ड एफ-१५० त्याहून दोन मीटरने लांब असतो. माणसं आणि सामान धरून त्यात किती वजन चालेल, ते ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेलं असतं. चामड्याच्या सीटा, काचेचं छप्पर असा सगळा थाट घेतलेल्या गाडीत तो आकडा पुष्कळदा ७०० ते ८०० किलोंच्या घरात निघतो.

मग ते जास्तीचे दोन मीटर गेले कुठे? बॉनेटमध्ये आणि माणसांच्या ऐसपैस बसण्यात. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, पण तिचं काम आता बरंचसं घरच्या गाडीचं आहे. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या पाहणीचे आकडे २०१९ मध्ये गाजले होते. सुमारे ७५ टक्के ट्रकमालक वर्षातून फार तर एकदा ट्रेलर ओढतात, ७० टक्के फार तर एकदा कच्च्या वाटेला जातात आणि ३५ टक्क्यांच्या हौद्यात वर्षातून एखाद्या वेळीच माल पडतो. ऑफिस, किराणा, मुलांचा सॉकर आणि भाद्रपदात मंडळाचं मखर, एवढ्यासाठी पिकअप घेणाऱ्या मराठी माणसाने यात संकोच करण्यासारखं काही नाही. सगळी अमेरिका तेच करते.

प्रश्न आकाराचा येतो. टोयोटा टाकोमा, फोर्ड रेंजर, शेवरोले कोलोराडो, निसान फ्रंटियर हे मधल्या आकाराचे. एफ-१५०, सिल्व्हराडो, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा हे पूर्ण आकाराचे. यातलं कोणतं घ्यावं, याची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर झटपट मिळतात आणि त्यातली बरीचशी दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांविषयीची असतात.

“मधला घेतला की पेट्रोल वाचतं”

वाचतं, पण चहापाण्यापुरतं. पेट्रोलवर चालणारे मधल्या आकाराचे बहुतेक ट्रक शहर आणि हायवे मिळून गॅलनला १९ ते २३ मैल देतात, म्हणजे लिटरला आठ ते पावणेदहा किलोमीटर. एफ-१५० चं २.७ लिटरचं टर्बो इंजिनही २० मैलांच्या आसपास देतं. मोठ्या व्ही-८ इंजिनाचा सिल्व्हराडो १७ वर येतो, तिथे फरक जाणवतो. पण तो फरक इंजिनाचा आहे, आकाराचा कमी.

कारण सरळ आहे. कोलोराडो आणि सिल्व्हराडो या दोन्हींत २.७ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन मिळतं. रेंजरमध्ये जास्तीचे पैसे भरून एफ-१५० चंच २.७ लिटरचं व्ही-६ इंजिन घेता येतं. शिवाय २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची झाली, त्यामुळे दिसायला तो केवढा तरी मोठा असला तरी वजनात तितका पुढे नाही. हिशोब मांडू. वर्षाला १२,००० मैल गाडी चालवली, तर २० मैलांच्या गाडीला ६०० गॅलन लागतात आणि २२ मैलांच्या गाडीला ५४५. फरक ५५ गॅलनचा. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाचे १९० डॉलर, म्हणजे महिन्याला सोळा. एवढ्यासाठी गाडीचा आकार ठरवू नये. मायलेज हीच पहिली अट असेल तर या दोन्ही गटांच्या खाली उतरून फोर्ड मॅव्हरिकच्या हायब्रिडकडे पाहावं. तो गॅलनला ३७ मैलांच्या आसपास देतो. हौदा मात्र साडेचार फुटांचाच.

“मधला म्हणजे स्वस्तातला”

सुरुवातीची किंमत पाहिली तर हो. पण सुरुवातीच्या किमतीचा ट्रक शोरूममध्ये सहसा नजरेस पडत नाही. टाकोमाचं टीआरडी प्रो मॉडेल ६० हजार डॉलरच्या वर जातं आणि तेवढ्यात मधल्या दर्जाचा, चार दरवाजांचा एफ-१५० घेऊन वर पैसे उरतात. मोठ्या ट्रकांचा खप अफाट असल्यामुळे वर्षाअखेरीला त्यांवर सवलतीही मोठ्या निघतात. टाकोमावाल्याला तशी गरज पडत नाही. ती गाडी जुनी झाली तरी भाव धरून असते. विकताना ते तुमच्या फायद्याचं, पण सेकंडहँड टाकोमा स्वस्तात मिळेल या आशेवर असाल तर तोट्याचं.

“मधला शहरात सहज मावतो, मोठाही कुठेतरी मावतोच”

इथे मात्र टेप घेऊन उभं राहावं लागतं, कारण रोजच्या वापरात खरा फरक इथेच पडतो.

चार दरवाजांचा, साडेपाच फुटी हौद्याचा एफ-१५० सुमारे २३२ इंच लांब. तशीच टाकोमा २१३ इंच, रेंजर २११. अमेरिकेत पार्किंगची जागा साधारण ९ फूट रुंद आणि १८ फूट लांब आखतात. अठरा फूट म्हणजे २१६ इंच. टाकोमा तीन इंच राखून आत बसते. एफ-१५० सोळा इंच बाहेर राहतो, म्हणजे रस्त्यात तरी येतो किंवा समोरच्या झाडांत तरी शिरतो. रुंदीचंही तेच. एफ-१५० ची बॉडी ८० इंच. १०८ इंचांच्या चौकटीत दोन्ही बाजूंना चौदा-चौदा इंच उरतात आणि तेवढ्यात दार उघडून पोटाचा घेर सांभाळत बाहेर पडायचं.

घरचं गॅरेज त्याहून अवघड. पुष्कळ घरांत गॅरेजची खोली २० फूट, म्हणजे २४० इंच असते. एफ-१५० आत गेला की पुढे-मागे मिळून आठ इंच उरतात. मागे शेल्फ, पाणी तापवायची टाकी किंवा मुलांच्या सायकली असतील तर शटर खाली येणार नाही. एका गाडीपुरतं शटर आठ फुटी असेल तर आणखी पंचाईत: आरसे उघडे ठेवले तर एफ-१५० ची रुंदी ९६ इंचांना टेकते आणि शटरही ९६ इंचच. आरसे मिटूनच आत जायचं, रोज.

पण लांबी-रुंदी वाचली म्हणजे मधला ट्रक छोटा, असंही नाही. भारतात २०२२ साली आलेला टोयोटा हायलक्स ५.३ मीटरचा, आपल्याकडे तो गल्लीत शिरला की लोक वळून पाहतात. अमेरिकेच्या मोजमापात तो मधल्याच गटात बसला असता. तिथे मात्र तो मिळत नाही. हलक्या ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर लागला. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याची परतफेड ट्रकांवर केली. कोंबड्यांचं भांडण लोक विसरले, ट्रकांवरचा कर टिकला. म्हणून टोयोटा १९९५ पासून उत्तर अमेरिकेसाठी वेगळी टाकोमा काढते.

“लहान गाडी, म्हणून चालवायला आरामशीर”

चालवणाऱ्याला कदाचित, मागे बसणाऱ्याला नाही. टाकोमाच्या मागच्या सीटवर पायांना ३३.७ इंच जागा आहे. टोयोटाच्याच करोला सेदानमध्ये ३४.८. एफ-१५० मध्ये ४३.६. हे दहा इंच कागदावर किरकोळ वाटतात, पण तान्ह्या बाळाची मागे तोंड करून लावायची सीट टाकोमात बसवली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि त्यांना घेऊन सहा तासांच्या प्रवासाला निघालात, तर मधल्या ट्रकाच्या मागच्या सीटवर त्यांची कंबर धरते. मोठ्या ट्रकात बसायला ऐसपैस, पण चढायला उंच. बाजूची पायरी आणि धरायला दांडी नसेल तर बाबांना रोज हात द्यावा लागेल.

रस्त्यावरच्या धक्क्यांचंही तसंच. मधला ट्रक मऊ चालतो, हा समज उलटा आहे. मागे पाटे असलेला रिकामा ट्रक खड्ड्यावर उडतोच आणि लांब चाकांतराची मोठी गाडी पुष्कळदा कमी हिसके देते. रॅम १५०० ला २००९ पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे तो सेदानसारखा चालतो. नव्या टाकोमालाही बहुतेक मॉडेलांत कॉइल आले आहेत. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. खडबडीत रस्त्यावर स्वतः चालवून पाहा, आणि मागच्या सीटवर घरातलं कुणीतरी बसवून.

“मोठा ट्रक म्हणजे जास्त वजन उचलणारा”

ट्रेलर ओढण्यात मोठा ट्रक पुढे, यात वाद नाही. योग्य इंजिन आणि पॅकेज घेतलं तर तो १३ हजार पौंडांपर्यंत ओढतो. मधले साडेसात हजारांच्या आसपास थांबतात. होंडा रिजलाइन पाच हजारांवर.

पण ओढणं वेगळं आणि उचलणं वेगळं. सातशे अश्वशक्तीचा, भल्यामोठ्या टायरांचा रॅम १५०० टीआरएक्स कागदावर १,३१० पौंड उचलत असे. त्याच रस्त्यावरची रिजलाइन, जिला ट्रकवाले ‘हा कसला ट्रक’ म्हणून हिणवतात, १,५०० च्या वर उचलते. सामान्य ट्रकच्या आकड्यांतही चढउतार फार. एकाच एफ-१५० मध्ये साधं मॉडेल आणि वरचं मॉडेल यांत शेकडो पौंडांचा फरक पडतो, कारण काचेचं छप्पर आणि मोटारवर सरकणाऱ्या सीटा यांचं वजन आधी वजा होतं.

ट्रेलरवाल्यांनी आणखी एक वजाबाकी करायची असते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकवर येतो. ६,००० पौंडांचा ट्रेलर जोडला की ६०० ते ९०० पौंड तिथेच संपले. चौघांचं कुटुंब बसलं की आणखी सहाशे. स्टिकरवर १,४०० असेल तर मागे शेगडी आणि पाण्याचे कॅन ठेवताना विचार करावा लागतो. जाहिरातीत ‘१३ हजार पौंड’ दिसतं. गाडी घेताना दार उघडून तो पिवळा-पांढरा स्टिकर वाचावा.

हौद्याबद्दलचा समजही जुना आहे. प्लायवूडचा ४ बाय ८ फुटांचा ताव चाकांच्या उंचवट्यांमध्ये सपाट बसायचा असेल तर मोठाच ट्रक लागतो, असं अजून सांगितलं जातं. टाकोमाला ते लागू आहे. पण नव्या रेंजरच्या उंचवट्यांमध्ये ४८.२ इंच जागा आहे, रिजलाइनमध्ये ५०. दोन्हींत ताव सपाट बसतो. चार दरवाजांच्या अशा ट्रकांत लांबीला मात्र आठ फूट नसतात: एफ-१५० चा हौदाही बहुधा साडेपाच फुटांचाच. फाळका खाली पाडूनच न्यायचं. वर्षातून दोनदा प्लायवूड आणायचं असेल तर होम डेपो तासांच्या हिशोबाने पिकअप भाड्याने देतं. तेवढ्यासाठी २३२ इंचांची गाडी पोसायची गरज नाही.

“मोठी गाडी म्हणजे घरचे सुरक्षित”

आत बसलेले, काही अंशी. बाहेरचे नाहीत. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाडीने दिलेल्या धडकेत माणूस दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. याच संस्थेच्या आधीच्या अभ्यासात डावीकडे वळताना पादचाऱ्याला धडक देण्यात पिकअप मोटारींपेक्षा ४२ टक्क्यांनी पुढे होते. कारण कळायला अवघड नाही. समोरचे खांब जाड, आरसे ताटाएवढे आणि बॉनेट चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याहून उंच.

मागचा कॅमेरा २०१८ पासून अमेरिकेत सक्तीचा आहे, पुढचा नाही. ड्राइव्हवेवर लहान मुलं खेळत असतील तर पुढचा कॅमेरा ज्या मॉडेलात आहे तेच घ्या, मग आकार कुठलाही असो. मधल्या आकाराचे काही ट्रकही उंचीत मागे नाहीत. ‘मधला’ या शब्दाने यातून सुटका होत नाही.

बर्फाविषयी तीनच वाक्यं. चार चाकांना जोर मिळाला की गाडी निघते, थांबत मात्र नाही. थांबायला हिवाळी टायर लागतात. आणि रिकामा हौदा हलका असल्यामुळे पिकअपचं मागचं टोक मोटारीपेक्षा लवकर घसरतं.

“सहा हजार पौंडांवरचा ट्रक घेतला की टॅक्समध्ये फुकट पडतो”

मॉटेल, रेस्टॉरंट किंवा स्वतःची कन्सल्टिंग चालवणाऱ्यांच्या गप्पांत हे हमखास येतं. नियम आहे, पण तो ट्रकच्या रिकाम्या वजनाला नाही, तर उत्पादकाने ठरवलेल्या मालासकटच्या कमाल वजनाला लागतो. गाडीचा निम्म्याहून जास्त वापर धंद्यासाठी व्हायला हवा. घर ते ऑफिस ये-जा त्यात धरत नाहीत. आणि जी वजावट मिळते ती उत्पन्नातून होते, करातून नाही. २४ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ६० हजारांचा ट्रक पूर्ण वजा केला तरी केंद्रीय आयकरात साधारण १४,४०० डॉलर वाचतात. उरलेले ४५,६०० खिशातूनच जातात.