अजरखचा पाया : जंगलातला हिरडा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ईदचा मोसम तोंडावर आला होता. बाहेरगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याने 'असली अजरख' म्हणून दुपट्ट्यांचा गठ्ठा दिला आणि मीही त्याच बोलीवर माल विकला. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्या रेघांत उतरला. गिऱ्हाइके दुकानात परत आली. मी पैसे परत केले, पण गेलेली पत पैशाने परत येत नाही. माल स्क्रीन छपाईचा निघाला. दोष माझाही होता. आयुष्य कापडात गेले, पण अजरख बनते कशी, हे मी कधी विचारलेच नव्हते.

आपल्या व्यापारी बांधवांवर ही पाळी येऊ नये म्हणून हा लेख.

कच्छचे खत्री

अजरख हे नाव अरबी 'अज़रक' म्हणजे निळा या शब्दावरून आले, असे मानतात. कच्छमध्ये हे काम मुस्लिम खत्री समाजाकडे आहे. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात सिंधमधून आले आणि सारण नदीचे वाहते पाणी पाहून धमडका गावी स्थायिक झाले. जुन्या कैरोतील फुस्तात येथे सापडलेल्या गुजराती छापील कापडाच्या तुकड्यांवरून हा व्यापार किती दूर पोचला होता ते कळते.

हिरडा नाही तर काळा नाही

सुती कापड रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून धुतलेले कापड आधी हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. ते पिवळसर होते. हिरड्यातील तुरट अंश, म्हणजे टॅनिन, धाग्यात बसतो आणि पुढचा रंग धरून ठेवतो.

मग चुना व डिंक यांच्या छापाने पांढऱ्या रेघा राखतात. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून त्यात चिंचोक्याचे पीठ घालतात. हे मिश्रण ठशाने हिरड्याच्या कापडावर लावले की काळा उमटतो. जेथे लाल हवा तेथे तुरटी. पुढे निळीचे पिंप, धुणे, आणि शेवटी मंजिष्ठासारख्या मुळांचा किंवा अलिझरिनचा उकळता रंग. असे १४ ते १६ टप्पे होतात. मध्य प्रदेशातील बाघ छपाईत याच उकळत्या भट्टीत धायटीची जंगली फुले टाकतात.

हिरडा आपल्याला परका नाही. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत आदिवासी बांधव तो रानातून गोळा करतात. बाळहिरडा औषधाला जातो, मोठे पिकलेले फळ रंगाला आणि कातडी कमावण्याला. म्हणजे कापडाच्या किमतीत त्या वेचणाऱ्याचीही मेहनत आहे.

पाणी बिघडले, गाव हलले

जर्मन रसायनतज्ज्ञांनी १८६८ साली अलिझरिन बनवले. १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. कच्छमध्येही झटपट रंग पसरले. १९७०च्या दशकात धमडक्याचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी वनस्पतींचे रंग पुन्हा हाती घेतले आणि मुलांना शिकवले.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तेथील पाण्यात लोखंडाचे प्रमाण वाढले. वर सांगितलेला नियम आठवा : हिरडा आणि लोखंड भेटले की काळेपणा येतो. अशा पाण्यात लाल खुलत नाही. म्हणून अनेक कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर वसवले. मोहम्मद सिद्दीक यांचे चिरंजीव इस्माईल खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २०२४ साली कच्छी अजरखला जीआय नोंद मिळाली.

दुकानदाराने काय करावे?

कापड उलटून पाहा. हातछपाईत ठशाच्या जोडावर कुठे ना कुठे किंचित फरक दिसतो. स्क्रीनमध्ये नक्षी तंतोतंत तीच येते आणि उलटी बाजू सहसा फिकी असते. ठशाची अजरख एका बाजूने आणि दोन्ही बाजूंनी, अशी दोन्ही प्रकारची मिळते. दोन्ही बाजूंच्या छपाईची मेहनत जास्त, म्हणून भावही जास्त. विकण्यापूर्वी एक तुकडा पांढऱ्या फडक्यासोबत धुऊन पाहा.

रंग झाडाचा की कारखान्याचा, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मंजिष्ठ वर्गातील मुळांतले अलिझरिन आणि कारखान्यातले अलिझरिन हे एकच द्रव्य आहे. पुष्कळ चांगले कारागीरही ते वापरतात. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती नाव बदलून विकण्यात. म्हणून माल घेताना कारागिराला विचारा आणि बिलावर स्पष्ट लिहा : हातछपाई की स्क्रीन, नैसर्गिक रंग की रासायनिक.

स्क्रीनचा माल स्क्रीन म्हणून विकणे हाही इमानाचा धंदा आहे. पण तोच अजरखच्या भावाने विकला, तर गिऱ्हाईक तर जातेच, शिवाय कित्येक दिवस ऊन-पाण्यात राबणाऱ्या कारागिराची रोजीही आपणच मारतो. त्या एका गठ्ठ्यानंतर माझ्या बिलबुकात हा तपशील लिहिल्याशिवाय एकही तागा दुकानाबाहेर गेलेला नाही.