विश्लेषण : लॉराच्या गोष्टीतला ‘लांब हिवाळ्याचा पाव’ आजही का भाजला जातो?

बालकथांतल्या पात्रांनी खाल्लेले पदार्थ जुन्या पद्धतीने रांधून पाहण्याची हौस अनेकांना असते. त्यात बहुधा केक, मुरंबे आणि गोडधोडच असते. अमेरिकी लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस’ मालिकेतला एक पाव मात्र वेगळा आहे. त्यात ना साखर, ना लोणी. उपासमारीच्या काठावरच्या एका घराने तो महिनोन्‌महिने खाल्ला.

नेमकी गोष्ट काय?

‘द लाँग विंटर’ ही कादंबरी 1940 मध्ये प्रसिद्ध झाली. ती घडते 1880-81 च्या हिवाळ्यात, डकोटा प्रांतातल्या (आजचे साउथ डकोटा) डी स्मेट या नव्याने वसलेल्या गावात. ऑक्टोबरमध्येच पहिले हिमवादळ आले. तेव्हा लॉरा 13 वर्षांची होती. पुढे बर्फाने रेल्वेमार्ग बुजला आणि जानेवारीनंतर मे महिन्यापर्यंत गाडीच आली नाही. पीठ, कोळसा, रॉकेल असे सगळेच रेल्वेने येत असल्याने गावाची रसदच तुटली.

गहू कॉफीच्या चक्कीत का दळला?

पीठ संपले तेव्हा हाती उरला तो अख्खा गहू. गावात पिठाची गिरणी नव्हती. मग लॉराच्या आईने कॉफीच्या बिया दळायची छोटी हातचक्की काढली. तिच्यात एका वेळी मूठभरच गहू मावतो. त्यामुळे घरातले सगळे आळीपाळीने चक्की फिरवत बसले; दृष्टी गेलेली थोरली बहीण मेरीसुद्धा. कोळसा नसल्याने वडील आणि लॉरा वाळलेल्या गवताचे पीळ वळत आणि तेच चुलीत जाळत.

हा पाव फुगत का नाही?

कॉफीची चक्की दाणा फोडते, पण बारीक दळत नाही. पीठ भरड येते आणि कोंडा त्यातच राहतो. गव्हाच्या पिठात पाणी घातले की ग्लुटेनची जाळी तयार होते आणि आंबताना सुटणारा वायू ती धरून ठेवते. कोंड्याचे कण ही जाळी तोडतात, वायू निसटतो आणि पाव दडस होतो. तयार यीस्ट नसल्याने आई आंबवण वापरत असे. इडली-आंबोळीचे पीठ आंबवणाऱ्यांना हे नवे नाही. पीठ-पाणी उबेला ठेवले की त्यातलेच सूक्ष्मजीव कामाला लागतात.

या पदार्थांच्या कृती कुठे मिळतात?

कादंबऱ्यांत पदार्थांची वर्णने भरपूर आहेत, पण मापे फारशी नाहीत. बार्बरा वॉकर यांनी त्या काळातल्या पाकपुस्तकांचा आधार घेऊन 1979 मध्ये ‘द लिटल हाउस कुकबुक’ आणले. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. त्या काळी चूल कशी होती, साठवण कशी असे, कोणता जिन्नस कुठून येई हेही त्यात सांगितले आहे.

कादंबरीत खरे किती?

हिवाळा खरा आणि उपासमारही खरी. मात्र लॉरा यांचे आधी लिहिलेले आत्मकथन ‘पायोनियर गर्ल’ टिपांसह 2014 मध्ये प्रसिद्ध झाले आणि एक वगळलेली गोष्ट समोर आली. त्या हिवाळ्यात इंगल्स कुटुंबातल्या सहा जणांसोबत एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळही राहत होते. म्हणजे पावाचे वाटेकरी कादंबरीत दिसतात त्याहून जास्त होते.

कादंबरीत टंचाईचा बाजारही दिसतो. आल्मांझो आणि कॅप हे दोन तरुण जीव धोक्यात घालून दूरच्या शेतकऱ्याकडून गहू आणतात. त्यांनी तो बुशेलला (सुमारे 27 किलो) सव्वा डॉलर देऊन घेतलेला असतो. दुकानदार तीन डॉलर मागतो. गावकरी दुकानात जमतात आणि अखेर त्याला खरेदीच्या भावानेच गहू विकावा लागतो.

या पुस्तकांवर आक्षेप काय?

मालिकेत मूळ अमेरिकी रहिवाशांचे चित्रण हेटाळणीचे असल्याची टीका जुनी आहे. अमेरिकेतील बालग्रंथालय संघटनेने 2018 मध्ये आपल्या पुरस्कारातून वाइल्डर यांचे नाव काढले. गोऱ्या वसाहतदारांची भूक या गोष्टीत ठळक दिसते. पण शेजारच्या मिनेसोटात 1862 मध्ये डकोटा लोकांना कराराचे पैसे वेळेवर मिळाले नव्हते आणि व्यापाऱ्यांनी उधारीवर धान्य नाकारले होते. त्या उपासमारीतून युद्ध पेटले. मुलांसोबत हा पाव करताना ही दुसरी भूकही सांगायला हवी.

घरी करून पाहायचा तर?

- एक वाटी कणीक आणि एक वाटी कोमट पाणी बरणीत कालवून सैल झाकून ठेवा. चार-पाच दिवस रोज दोन-दोन चमचे कणीक-पाणी घाला. बुडबुडे आणि आंबूस वास आला की आंबवण तयार. बुरशी किंवा गुलाबी छटा दिसली तर सगळे फेकून द्या.
- तीन वाट्या गहू भरड दळा. निदान एक मूठ तरी छोट्या जात्यावर किंवा खलबत्त्यात मुलांना दळू द्या.
- पीठ, एक वाटी आंबवण, चमचाभर मीठ आणि लागेल तसे पाणी घालून घट्टसर मळा. गोळा चपटा करून चार-पाच तास झाकून ठेवा.
- आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 190 अंशांवर 45 ते 50 मिनिटे भाजा. निवल्यावरच कापा.

चव किंचित आंबट आणि गव्हाची दाट असते. लोणी किंवा तूप लावले की मुले आवडीने खातील. पण पहिला तुकडा कोरडाच द्या आणि एक मूठ गहू दळायला किती मिनिटे लागली ते त्यांना सांगा. नऊ जणांच्या घराला दिवसभराचा पाव करायला किती वेळ लागत असेल, हा हिशेब त्यांनाच करू द्या.