सावजीची खानावळ आणि थांबलेला माग

नागपूरबाहेर 'सावजी' हा शब्द तिखटाचा समानार्थी होऊन बसला आहे. कपाळावरचा घाम आणि हाताशी पाण्याचा तांब्या, एवढेच या नावाबरोबर लोकांना आठवते. वस्तुतः सावजी ही एखाद्या मसाल्याची नव्हे, तर माणसांची ओळख आहे. ही पाककृती नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आली आणि हा समाज पिढ्यानपिढ्या विणकरांचा.

भोसल्यांच्या राजवटीत नागपूरच्या काठाच्या धोतर-लुगड्यांना नाव मिळाले. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या आणि नंतर यंत्रमागाच्या कापडापुढे हातमाग टिकणे कठीण होत गेले. २००२ साली ती गिरणीही बंद पडली. मागाचे उत्पन्न आटत गेले तेव्हा कित्येक विणकर कुटुंबांना चुलीपाशी असलेल्या कौशल्याने आधार दिला आणि घरच्या स्वयंपाकाची खानावळ झाली.

भोसलेकालीन तलावामुळे ओळखल्या जाणाऱ्या सक्करदऱ्यासारख्या वस्तीत अशा खानावळींचा थाट आजही साधाच असतो. मोजकी बाकडी, आतल्या बाजूस चूल, आणि मटण, खूर, कलेजी. शाकाहाऱ्यांसाठी पाटोडीचा रस्सा किंवा डाळकांदा. रांधणारा आणि जेवणारा यांच्यामध्ये फार तर एक पडदा असतो.

पाश्चात्य शहरांत अलीकडे लहान उपाहारगृहांचे आणि तेथील 'नैसर्गिक' वाइनचे मोठे कौतुक चालते. द्राक्षांच्या सालीवर मुळातच असणाऱ्या किण्वाने ती आंबावी, बाहेरचे पदार्थ शक्यतो घालू नयेत, आणि ती कोणत्या मळ्यात कोणी केली हे पिणाऱ्याला ठाऊक असावे, असा त्यामागचा आग्रह आहे. मद्याविषयी कोणाचे मत काहीही असो, करणाऱ्याचा हात ओळखीचा असावा ही अपेक्षा योग्यच होय. सावजीच्या खानावळीने ती कोणताही गाजावाजा न करता पूर्ण केली आहे.

तथापि, हीच ओळख आता पुसट होऊ लागली आहे. सावजी मसाला पाकिटात मिळतो आणि मोठ्या हॉटेलांच्या यादीत हे नाव झळकते. जवसाचे तेल, सुके खोबरे, खसखस, धने, काळी मिरी, दगडफूल यांचे प्रमाण साधायला वेळ आणि सराव लागतो; मिरची वाढवणे त्या मानाने सोपे. त्यामुळे नक्कल करणारा तिखटावर भर देतो आणि खाणारा त्यालाच सावजी समजतो.

याहून मोठे विस्मरण श्रमाचे आहे. खानावळीच्या पाटीवर बहुधा घराण्याचे नाव असते. मसाला भाजणाऱ्या आणि वाटणाऱ्या बाईचे क्वचितच. मागावरही सूत उकलण्याचे, कांड्या भरण्याचे काम घरच्या स्त्रियाच करीत. पण विणकर म्हणून नाव पुरुषाचे. व्यवसाय बदलला, हिशेबाची ही रीत बदलली नाही.

शहराने आपल्या पाककृतीचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु सावजीची चव मिरवायची आणि सावजी विणकर होते हे विसरायचे, हा अभिमान अर्धाच ठरेल. नागपुरातील शिक्षकांना स्थानिक इतिहासाचा धडा सुरू करण्यास याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. हा रस्सा कोणाच्या घरातून आला आणि त्या घरातला माग का थांबला, एवढे दोन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारले तरी पुरे.