पेट्रोल पंपावर हवा भरायचे पैसे द्यायचे की नाही?

गडमुडशिंगीतून रोज सकाळी किती गाड्या बाहेर पडत असतील, बघा. कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कुणी गांधीनगरच्या कापड बाजारात, कुणी उचगावमार्गे कोल्हापुरात. हुपरीकडून येणारी वाहतूकही याच पट्ट्यातून जाते आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसाच्या ट्रॉल्या वेगळ्याच. अशा रस्त्यावर चाकातली हवा ही चैन नसते. पण पंपावर हवेच्या पाइपजवळ गाडी लावली की बऱ्याचदा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे "मशीन बंद आहे." आणि दुसरं, दोन्ही चाकं भरून झाल्यावर, "दहा रुपये द्या."

दहा रुपयांसाठी कोण वाद घालत बसणार, म्हणून आपण देऊन टाकतो. महिन्यातून दोनदा धरलं तरी वर्षाचे २४० रुपये होतात. म्हणजे साधारण दोन लिटर पेट्रोल. आता प्रश्न असा आहे, की हे पैसे मागता येतात का?

सरकारी कंपनीच्या पंपावर साधी हवा भरायचे पैसे मागता येत नाहीत.

नियम कुठे लिहिलाय?

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी पंपचालकांसाठी एक नियमावली केली आहे. तिचं नाव 'मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्स'. तिची २०१२ ची आवृत्ती जानेवारी २०१३ पासून लागू झाली. पंपावर ग्राहकाला काय काय मिळालंच पाहिजे, ते यात आहे. चाकात हवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची पेटी, तक्रार वही. यातल्या कशाचेही पैसे घ्यायचे नाहीत. पेट्रोल भरलं तरच हवा मिळेल, अशी अटही नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. हा संसदेने केलेला कायदा नाही. कंपनी आणि पंपचालक यांच्यातल्या कराराला जोडलेली ही शिस्त आहे. त्यामुळे हवेचे पैसे मागितले म्हणून पोलिसांकडे जाऊन काही होणार नाही. पंपचालकाला जाब विचारू शकते ती कंपनी. तिचे अधिकारी पंपाची तपासणी करतात, आणि नियम मोडला तर ताकीद किंवा दंड करण्याचा अधिकार त्यांनाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'हवेचे पैसे मागितले तर पंपाचं लायसन्स रद्द' असे मेसेज फिरतात, ते फार मनावर घेऊ नका.

आणि हो, ही नियमावली त्या तीन सरकारी कंपन्यांची आहे. खासगी कंपन्यांचे पंप तिच्याखाली येत नाहीत. तिथे हवा फुकट मिळतेही, पण ती त्या कंपनीच्या धोरणामुळे. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा तर यात काही संबंधच नाही. त्याचा तो धंदा आहे, त्याने पैसे घेतले तर ते रास्तच.

मग पैसे मागतात ते कसे?

याच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे बक्षिशी. हवा भरणारा पोरगा काही बोलत नाही, नुसता थांबतो. द्यायचं की नाही ही तुमची मर्जी. दुसरी तऱ्हा म्हणजे सरळ दर सांगून पैसे घेणं. हा नियमभंग आहे, रक्कम पाच रुपये असो की वीस.

तिसरी तऱ्हा जास्त हुशारीची आहे. पंपावर नायट्रोजनचं चकाचक मशीन असतं आणि साध्या हवेचं मशीन कायम 'बंद'. फुकट हवेच्या यादीत नायट्रोजन येत नाही, तो पैसे घेऊन देता येतो. अनेक ठिकाणी तो स्टॉल पंपचालकाचा नसतोच, बाहेरच्या माणसाने चालवायला घेतलेला असतो. म्हणजे तिथला माणूस पैसे मागतो तेव्हा तो चूक करत नसतो. चूक असते ती शेजारचा फुकट हवेचा पाइप गुंडाळून ठेवणाऱ्याची. त्यामुळे नायट्रोजनच्या दरावरून भांडू नका, "साध्या हवेचं मशीन कुठंय?" एवढंच विचारा.

पण नायट्रोजन चांगला असतो ना?

गडमुडशिंगीकरांना याचं उत्तर गावाच्या शेजारीच सापडेल. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजनच असतो. वर गेल्यावर कडाक्याच्या थंडीत टायरमधली ओल गोठू नये आणि उतरताना ब्रेक तापले तर आत पेट घ्यायला ऑक्सिजन नसावा, म्हणून. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत एक विमान कोसळून १६७ जण गेले, त्यात असाच टायर फुटला होता. ब्रेक प्रचंड तापले होते आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती.

पण तुमची स्प्लेंडर धावपट्टीवर उतरत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने ३१ प्रकारचे टायर वर्षभर ठेवून बघितले. सगळ्यांत सुरुवातीला ३० पीएसआय दाब होता. वर्षाअखेर हवेच्या टायरमधला दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला, नायट्रोजनच्या २.२ ने. फरक आहे, पण वर्षभरात सव्वा पीएसआयच्या आसपास. म्हणजे नायट्रोजन भरला तरी दाब तपासावा लागतोच. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीसाठी वेळच्या वेळी भरलेली फुकट हवा पुरेशी आहे. आधी नायट्रोजन भरला असेल आणि वरून साधी हवा मारली तरी काही बिघडत नाही. "मिक्स करू नका, टायर खराब होईल" असं कुणी म्हणालं तर तो विक्रीचा डायलॉग समजा.

पंपवाल्याची बाजू काय?

पंपचालक म्हणतात, कॉम्प्रेसरला वीज लागते, पाइप फाटतात, गेज बिघडतात, वर एक माणूस तिथे उभा करावा लागतो आणि त्या कोपऱ्यातून एक रुपया येत नाही. हे खरं आहे. पण पंप चालवण्याच्या खर्चासाठीच त्यांना प्रत्येक लिटरमागे कंपनीकडून कमिशन मिळतं, आणि ते आपण भरलेल्या पेट्रोलच्या किमतीत धरलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कमिशन वाढलं. त्याआधी २०१७ मध्ये ते वाढवताना कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मुद्दा त्याला जोडला होता, त्यावरून डीलर संघटना आणि कंपन्या यांच्यात चांगलीच जुंपली होती.

खरी गोम या पगारातच आहे. काही पंपांवर हवेजवळच्या माणसाची कमाई बक्षिशीवरच सोडून दिलेली असते. म्हणजे हवा कागदावर फुकट, आणि ती भरणाऱ्याचा पगार आपल्या खिशातून. त्यामुळे राग त्या पोरावर काढू नये असं मला वाटतं. त्याला खुशीने दहा रुपये दिले तर काही गुन्हा नाही. पण मशीन बंद ठेवण्याचा किंवा दराचा बोर्ड लावण्याचा निर्णय त्याचा नसतो.

बाहेरच्या जगात हा प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीने सोडवलाय. ब्रिटनमध्ये हवेच्या मशीनला कार्ड लावून पैसे देणं आता नेहमीचं झालंय. अमेरिकेतही बऱ्याच ठिकाणी नाणी टाकावी लागतात. कॅलिफोर्नियात मात्र २००० पासून कायदाच आहे, की इंधन घेणाऱ्या ग्राहकाला हवा, पाणी आणि दाब मोजायचं गेज फुकट द्यायचं. आपल्याकडे सोय जास्त सढळ आहे, पण आधार करारातल्या कलमाचा.

तक्रार कुठे करायची?

आधी मॅनेजरला विचारा, बऱ्याचदा 'बंद' मशीन तेवढ्यानेच सुरू होतं. नाही झालं तर तक्रार वही मागा. ती मागितल्यावर देणं बंधनकारक आहे. कंपनीच्या क्षेत्रीय अधिकाऱ्याचा फोन नंबर पंपावर लावलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पंपाचं नाव, तारीख, वेळ आणि मशीनचा किंवा दराच्या बोर्डाचा फोटो असला की तक्रारीला वजन येतं. याशिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर पेट्रोलियम मंत्रालयाकडेही लेखी तक्रार करता येते. एकट्याच्या तक्रारीपेक्षा एकाच पंपाबद्दल गावातल्या पाच जणांनी केलेली तक्रार कंपनीला टाळणं अवघड जातं.

हवा किती भरायची?

"किती मारू?" असं विचारल्यावर "मार की बघून" असं सांगू नका. आकडा गाडीवरच असतो. चारचाकीत ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर, दुचाकीत बहुधा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

टायर थंड असताना मोजा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे हायवेवरून तापून आलेल्या चाकाचा आकडा फसवा असतो. घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतला पंप यासाठी बरा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप उतरते. त्याहून जास्त उतरत असेल, तर पंपावर फेऱ्या मारण्यापेक्षा वॉल्व्ह आणि पंक्चर तपासून घ्या.