आजारी कैद्याचा अर्ज

सिंदी मेघे काय, नालवाडी काय, वर्ध्याच्या आसपास कुणाचं दुखणं गावच्या डॉक्टरच्या आटोक्याबाहेर गेलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं: सेवाग्रामला दाखवू. तिथल्या दवाखान्याला कस्तुरबांचे नाव आहे. त्या कैदेत वारल्या. त्यांना हव्या त्या वैद्याचे औषध मिळावे म्हणून त्यांच्या नवऱ्याला सरकारकडे अर्जामागून अर्ज करावे लागले होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर कस्तुरबांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. १९४३ सरता सरता हृदयविकार बळावला. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर हे दोघेही तिथेच कैदी होते. म्हणजे डॉक्टरांची वाण नव्हती. पण कस्तुरबांना निसर्गोपचार करणारे डॉ. दिनशा मेहता हवे होते, आयुर्वेदाचा वैद्य हवा होता. परवानगीला दिवसांवर दिवस गेले. अखेर वैद्य शिव शर्मांना येऊ दिले, पण रात्री आत थांबायला मनाई. रात्री-अपरात्री बोलावणे आले तर जवळ असावे म्हणून हा वैद्य फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपे. गांधींनी सरकारला लिहिले: वैद्याला आत राहू द्या, नाहीतर तिला पॅरोलवर सोडा, दोन्ही जमत नसेल तर मला दुसऱ्या तुरुंगात हलवा, म्हणजे तिचे हाल हतबलपणे बघत बसावे लागणार नाही. त्यानंतर वैद्याला आत राहण्याची मुभा मिळाली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. पुढे ब्रिटिश संसदेत सांगण्यात आले की त्यांना शक्य ते सगळे उपचार मिळाले. गांधींनी ते लेखी खोडून काढले.

गांधींचा पत्रव्यवहार व्हाइसरॉयच्या दरबारापर्यंत पोहोचत होता. तरी एका वैद्याच्या मुक्कामासाठी इतकी लिखापढी. मग जिल्हा कारागृहातल्या साध्या कैद्याच्या अर्जाचे काय होत असेल?

सोंग आणि आळ

कैद्याच्या आजारपणाबद्दल १८९४ च्या तुरुंग कायद्यात कलमे आहेत आणि ती वाचायला वाईट नाहीत. प्रत्येक तुरुंगात दवाखाना किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी, असे कलम ३९ सांगते. कलम ३७ प्रमाणे ज्याला डॉक्टरला भेटायचे आहे किंवा जो आजारी दिसतो, त्याचे नाव पहाऱ्यावरच्या माणसाने जेलरला कळवायचे आणि जेलरने विनाविलंब वैद्यकीय कर्मचाऱ्याच्या कानावर घालायचे. डॉक्टरचे आदेश कैद्याच्या हिस्ट्री टिकटावर लिहिले गेले पाहिजेत, हे कलम ३८.

खरी मेख कलम ४५ मध्ये आहे. तिथे तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी आहे. तीत आजाराचे सोंग करणे हा एक गुन्हा आणि लगेच पुढचा गुन्हा अधिकाऱ्यावर किंवा कैद्यावर जाणूनबुजून खोटा आळ घेणे. गुन्हा घडला की नाही हे ठरवायचे कुणी? कलम ४६ म्हणते, अधीक्षकाने. शिक्षाही त्यानेच द्यायची. साध्या ताकिदीपासून सवलती काढून घेणे, बेड्या, वेगळे कोंडणे इथपर्यंत. दुखणे खरे की खोटे आणि तक्रार खरी की खोटी, दोन्हींचा निवाडा ज्याच्या अखत्यारीत कैदी आहे त्याच्याच हाती. पोटात कळ आली म्हणून ओरडणाऱ्याने आणि डॉक्टर वेळेवर आला नाही म्हणून लिहिणाऱ्याने, दोघांनीही हा हिशेब मनात धरूनच तोंड उघडायचे.

पत्राची याचिका झाली

कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी गळून पडत नाहीत, हे आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी सांगितले. त्यातला एक महत्त्वाचा निकाल मराठी पुस्तकावरून लागला. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. संझगिरी उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे अपील फेटाळले. कायद्याने जे काढून घेतलेले नाही ते स्थानबद्धाकडे शिल्लकच आहे, हा त्याचा गाभा.

पुढे सुनील बत्रा या तिहारमधल्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्या. कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने ते पत्रच याचिका मानले. २० डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवण्याचा आणि जिल्हा न्यायाधीशांनी फेऱ्या मारण्याचा आदेश आहे. त्याहून मोलाचे म्हणजे एकांतकोठडी, सवलती बंद करणे, शिक्षेसारखी दुसऱ्या तुरुंगात बदली, असे काही करायचे तर सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेले पाहिजे. तातडीचे असेल तर दोन दिवसांच्या आत. तक्रारीचा सूड जेलवाले नेमके कोणत्या वाटांनी उगवतात, हे न्यायालयाने तेव्हाच ओळखले होते.

नागपूरचे आणि तळोजाचे

वर्ध्याच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे नागपूर खंडपीठ आणि मोठा तुरुंग म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती कारागृह. तिथल्या अंडा सेलमध्ये दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा अनेक वर्षे होते. लहानपणीच्या पोलिओने ९० टक्के अपंगत्व, व्हीलचेअरशिवाय हालचाल नाही. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून मे २०१४ मध्ये अटक झाली आणि मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. प्रकृतीच्या कारणावरून जामीन कधी मिळाला, कधी रद्द झाला, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिला. शिक्षेनंतर मात्र वैद्यकीय कारणाचे अर्ज फेटाळले गेले. औषधे, पुस्तके, पत्रे अडवली जातात म्हणून त्यांनी २०२० मध्ये उपोषणाचा इशारा दिला. मे २०२२ मध्ये कोठडीतल्या कॅमेऱ्यात संडासही दिसतो, म्हणून उपोषण केले. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना दुसऱ्यांदा निर्दोष ठरवले आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने ते गेले. सुटकेनंतर त्यांना जेमतेम सात महिने मिळाले.

याच खटल्यातला गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे सुटला तो मरणानेच. नागपूर कारागृहात असताना आजारी पडून २५ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचा मृत्यू झाला. उपचारांना उशीर झाला, असा त्याच्या वकिलांचा आरोप होता. ज्या खटल्यात तो जन्मठेप भोगत होता, तो खटला उच्च न्यायालयात टिकला नाही.

नवी मुंबईच्या तळोजा कारागृहाच्या कहाण्याही याच वळणाच्या. कंपवाताने हात थरथरत म्हणून फादर स्टॅन स्वामींनी ६ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस घेतले. मे २०२१ अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना खासगी रुग्णालयात हलवले, तोवर फार उशीर झाला होता. ५ जुलैला ते वारले, तेव्हा जामिनाचा अर्ज प्रलंबितच होता. गौतम नवलखांचा चष्मा हरवला, घरच्यांनी दुसरा पाठवला तर तुरुंगाने पार्सल परत केले. तेव्हा उच्च न्यायालयाने जेल अधिकाऱ्यांसाठी माणुसकीची कार्यशाळा घ्यावी लागेल, असे सुनावले. कवी वरवर राव यांना मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकृतीपायी जामीन दिला. अशा अवस्थेत त्यांना पुन्हा तळोजात धाडणे हे जगण्याच्या हक्कावर घाला ठरेल, हे न्यायालयाला पटले.

ही सगळी नावाजलेली माणसे. मागे वकिलांची फळी, बाहेर मित्रपरिवार, वर्तमानपत्रांत बातम्या. तरी एका सिपरसाठी न्यायालयाची तारीख लागली. ज्याच्या मुलाकातीला महिनोन्महिने कुणी फिरकत नाही, त्याच्या दुखण्याची तर तारीखसुद्धा पडत नाही.

तक्रारीची किंमत

२३ जून २०१७. भायखळ्याच्या महिला कारागृहात सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्याचा जाब मंजुळा शेट्ये या कैदी महिलेला विचारला गेला आणि झालेल्या मारहाणीत तिचा जीव गेला. सहा जणींवर, सगळ्या तुरुंगाच्याच कर्मचारी, खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी संतापलेल्या बायका छतावर चढल्या, तर पोलिसांनी सुमारे दोनशे जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदवला. ज्या साक्षीदार व्हायच्या, त्या आरोपी झाल्या.

आर्थर रोडवर जून २००८ मध्ये बॉम्बस्फोट खटल्यांतले कच्चे कैदी मारहाणीची तक्रार करत होते. तुरुंगाचे म्हणणे, त्यांनीच दंगा केला. त्यांना इतर तुरुंगांत हलवले गेले. उच्च न्यायालयाने सत्र न्यायाधीशांकडून चौकशी करवली, तीत बळाचा अतिरेक झाल्याचे निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २०१२ मध्ये न्या. टी. एस. ठाकूर यांच्या निकालाने ठरले की कच्च्या कैद्याची अशी बदली हे निव्वळ कार्यालयीन काम नाही. न्यायालयाने कैद्याचे ऐकून, विचार करूनच परवानगी द्यायची. बदली म्हणजे नुसता गाडीचा प्रवास नसतो. वकील, मुलाकात, चालू उपचार आणि साक्षीदार सोबती, सगळेच मागे राहते.

अमेरिकेत याच वाटेवर कापसाच्या गाठीने निकाल घडवला. १९७३ मध्ये टेक्सासमध्ये ट्रक रिकामा करताना एका कैद्याच्या अंगावर गाठ पडली. उपचार नीट झाले नाहीत म्हणून त्याने हाताने लिहून दावा लावला. गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष ही क्रूर शिक्षाच ठरते, असे १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याचा स्वतःचा डॉक्टरविरुद्धचा दावा मात्र फेटाळला गेला. तक्रारीबद्दल सूड उगवला, हे तिथे दाव्याचे स्वतंत्र कारण होऊ शकते. पण १९९६ च्या कायद्याने आधी तुरुंगातल्या तक्रारखिडक्या पालथ्या घालण्याची सक्ती केली, म्हणजे वाट पुन्हा जेलरच्या टेबलावरूनच. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम स्पष्ट आहेत: तक्रार गुप्तपणे करता आली पाहिजे आणि तक्रारदाराला त्याची झळ लागता कामा नये. इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्यसेवेकडे सोपवली.

आपल्याकडे निकालांची टंचाई नाही. टंचाई आहे ती अशा अर्जाची, जो ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हातातून जात नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये नव्या तुरुंग कायद्याचा आदर्श मसुदा राज्यांना दिला. महाराष्ट्राच्या कायद्यात आणि नियमांत तीन गोष्टी ठळक हव्यात. कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात नेण्याचा डॉक्टरचा लेखी निर्णय बंधनकारक असावा आणि नेले नाही तर कारण त्याच दिवशी नोंदवावे. हिस्ट्री टिकटाची प्रत वकिलाला किंवा घरच्यांना मागताच मिळावी. आरोग्याची तक्रार केलेल्या कैद्याची बदली किंवा शिक्षा सत्र न्यायाधीशांच्या परवानगीवाचून होऊ नये. यातले तिसरे तर बत्रा निकालाने १९७९ मध्येच सांगून ठेवले आहे.

तोवर ज्यांच्या घरचे कुणी आत आहे, त्यांनी एवढे करावे: जुन्या आजाराचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार जपाव्यात, मुलाकातीत ऐकलेले लगेच लिहून काढावे आणि अर्ज तुरुंगाबरोबरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही द्यावा. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, मग तो कमावता असो वा कंगाल. वकील मागा, अर्जाची पोच घ्या, आणि पोच दिली नाही तर तेही लिहून ठेवा.