‘नंबर’ : किती आणि कितवा?

इंग्रजीतील ‘नंबर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याच्या पोटात दोन भिन्न अर्थ नांदतात याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिला अर्थ संख्या, म्हणजे मोजता येणाऱ्या वस्तू किती. दुसरा क्रमांक, म्हणजे त्यांतील अमुक वस्तू कितवी.

छत्तीसगडमधील भिलाईचा पोलाद कारखाना पाहावा. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आठव्या क्रमांकाची भट्टी २०१८ साली सुरू झाली. ‘नंबर आठ’ ही त्या भट्टीची केवळ खूण होय. तेवढ्यावरून किती भट्ट्या चालू आहेत हे ठरत नाही. संख्यांची बेरीज करता येते, क्रमांकांची नाही. तिसरी आणि पाचवी भट्टी मिळून आठवी होत नाही.

मराठीने ‘किती’ आणि ‘कितवा’ असे दोन स्वतंत्र प्रश्न राखून हा घोटाळा टाळला आहे. ‘कितवा’ला इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्द नाही. उलटपक्षी, एक भेद इंग्रजी पाळते, पण मराठी पाळत नाही. झोतभट्टीतून वाहणारा लोहरस गणता येत नाही, मापावा लागतो. त्याच्यासाठी इंग्रजीत ‘नंबर’ न योजता ‘अमाउंट’ हा शब्द योजतात. मराठी मात्र ‘लोखंड किती’ आणि ‘रूळ किती’ हे एकाच शब्दाने विचारते. म्हणून शास्त्रीय लेखनात पहिल्या ठिकाणी ‘राशी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘संख्या’ लिहिणे इष्ट.

हा भेद निव्वळ व्याकरणाचा नव्हे. भिलाईत १३० मीटर लांबीचे दोन रूळ सांधून २६० मीटरांचा एक रूळ तयार करतात. दर मीटरला सुमारे ६० किलोग्रॅम धरल्यास वजन दोन्ही वेळी सुमारे १५.६ टनच भरते. संख्या मात्र दोनाची एक होते. तेवढ्याच वजनात १३ मीटरांचे वीस रूळ बसतात. एक किलोमीटर लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस मिळून असे १३ मीटरांचे सुमारे १५४ रूळ लागतात; २६० मीटरांचे आठ पुरतात. सांधाही त्या मानाने कमी ठिकाणी येतो, आणि सांधा हीच लोहमार्गाची दुबळी जागा होय.

तेव्हा मागणीपत्रात ‘रूळ : २०’ एवढेच लिहून भागत नाही. ‘एक’ कशाला म्हणावयाचे हे आधी ठरले, तरच ‘वीस’ला अर्थ येतो.