सिएटलहून गोव्यात, गोव्यातून टेक्सासला

समुपदेशन शिकणाऱ्या अंबडच्या मुलीनं परदेशी जायचं म्हटलं, की घरात अमेरिका-इंग्लंडचीच नावं निघतात. पण याच क्षेत्रातला एक उपचार अमेरिकेतून गोव्यात आला, इथे नव्यानं घडला आणि पुन्हा अमेरिकेत गेला. हा प्रवास वाचला तेव्हा मी थक्क झाले.

उदास माणूस बाहेर पडणं, कुणाला भेटणं, आवडीचं काम करणं एकेक करून सोडतो. आनंदाचे क्षण आटतात, उदासी वाढते. या उपचाराचं सूत्र असं: मन ताळ्यावर येण्याची वाट न पाहता आधी छोटंसं काहीतरी करायचं, मन मागून येतं. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी १९९६ साली दाखवलं, की नैराश्याच्या मोठ्या उपचारातला हा एवढा भागसुद्धा पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरतो.

त्याच वर्षी गोव्यात ‘संगाथ’ संस्था सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, म्हणून पुढे संस्थेनं ही पद्धत शिकवली ती मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना. रुग्णाला केंद्रात येणं जमेना, तर समुपदेशक त्याच्या घरी जाई किंवा फोनवर बोले. घरच्यांनाही सोबत घेई. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची शिकण्याची रीत. एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रं गटात बसून ऐकायची, गुण द्यायचे, कुठे घाई झाली ते तोंडावर सांगायचं. वर्गातल्या कितीही व्याख्यानांनी असा कान तयार होत नाही!

मग या उपचाराची कसोटी लागली. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण, नैराश्य चांगलंच तीव्र. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी, या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१६च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे निष्कर्ष छापले. पुढे मध्य प्रदेशातल्या आशा कार्यकर्त्यांसाठी या प्रशिक्षणाचं डिजिटल रूप तयार झालं, आणि हार्वर्डच्या ‘एम्पॉवर’ उपक्रमानं ते टेक्सासला नेलं.

म्हणून अंबडच्या त्या मुलीनं परदेशी जरूर जावं. पण विद्यापीठ निवडताना विचारावं: तिथे माझी सत्रं कोण ऐकणार? आणि जाण्याआधी गोव्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात, परवानगी काढून, काही दिवस बसता आलं तर ते आधी करावं.